केसाहून पातळ राखणदार

मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड हे गाव आहे, भाजीच्या शेतांचं आणि रोपवाटिकांचं. तिथल्या एका मोकळ्या मैदानात मांडण्यांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. मांडण्यांवर रंगवलेल्या पत्र्याचे वहीएवढे तुकडे ओळीने बसवलेले असतात. तोंड दक्षिणेला, कल बहुतेक ४५ अंशांचा. हे तुकडे ऊन खातात, पावसात भिजतात, रात्री दवाने ओले होतात. महिने जातात, वर्षं जातात. अधूनमधून कुणीतरी येऊन त्यांचा रंग किती उतरला, चकाकी किती उरली, हे यंत्राने मोजून लिहून ठेवतं.

हे रंगांचं परीक्षाकेंद्र आहे. क्यू-लॅब नावाची कंपनी ते चालवते, आणि ठिकठिकाणच्या कारखान्यांतून रंग, प्लास्टिक, कापड तिथे केवळ उन्हात ठेवण्यासाठी येतं. इमारतींच्या ॲल्युमिनियमवर द्यायच्या सर्वांत टिकाऊ रंगांसाठी अमेरिकेत जे मानक वापरतात, त्याची अटच अशी आहे की नमुना दक्षिण फ्लोरिडाच्या उन्हात १० वर्षं राहिलेला असला पाहिजे. प्रखर ऊन आणि दमट हवा यांचा इथला मिलाफ इतका कठोर आहे, की इथे जे टिकतं ते बहुतेक ठिकाणी टिकतं.

फ्लोरिडातल्या आपल्या मराठी घरांच्या परसातली शेड याच आकाशाखाली उभी असते. गवत कापायचं यंत्र, खताच्या पिशव्या, मुलांच्या सायकली, गणपतीच्या मखराचं सामान, सगळं तिच्या पोटात. कोकणात घरामागे मांगर असतो, त्याचीच ही अमेरिकेतली बहीण. हवाही फार परकी नाही. मायामीचं हवामान उष्णकटिबंधीय मोसमी गटात मोडतं. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसाळा, वर्षाला साधारण १७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे रत्नागिरीच्या जवळपास निम्मा. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम.

अशा ठिकाणी दहा बाय बारा फुटांच्या शेडवर कोणतं छप्पर घालावं? प्रश्न छोटा वाटतो. उत्तर शोधू लागलो की प्रकाशकण, विजाणू, दव आणि वावटळी यांच्या दुनियेत जाऊन पोहोचतो. आणि तिथे एक विलक्षण गोष्ट कळते: छपराचं खरं रक्षण करणारे थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतात.

उन्हाचा हिशेब

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा अवघा पाच टक्क्यांच्या आसपास असतो. दिसणारा प्रकाश दोन पंचमांशाहून थोडा जास्त, आणि उरलेला जवळपास अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. रंगाची नासाडी मुख्यतः त्या पाच टक्क्यांमुळे होते.

असं का, हे आकड्यांतून स्पष्ट होतं. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशकणांची ऊर्जा दर मोलला साधारण ४०० किलोज्यूल भरते. रंगाच्या रेणूत कार्बनला कार्बनशी जोडणारा साधा बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल पुरतात. म्हणजे एकेका प्रकाशकणाच्या अंगी एकेक बंध तोडण्याचं बळ असतं. भर दुपारी असे अब्जावधी कण दर क्षणाला रंगावर आदळतात. प्रत्येक कण काही तोडतोच असं नाही, पण वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, रंग फिका पडतो, आणि हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागते.

याला रसायनशास्त्राने शोधलेला तोडगा म्हणजे फ्लोरीन. कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातला बंध तोडायला ४८० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, आणि जमिनीपर्यंत येणाऱ्या उन्हातल्या प्रकाशकणांकडे तेवढी नसते. पीव्हीडीएफ या बहुवारिकाचा पाया हाच बंध आहे. रंगासाठीचा त्याचा प्रकार १९६५पासून ‘कायनार ५००’ या नावाने बाजारात आहे. चांगल्या रंगीत पत्र्यावर या रंगाचा थर असतो सुमारे २५ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हा थर होमस्टेडच्या मैदानात १० वर्षं उन्हाला तोंड देऊन उभा राहतो. स्वस्त पत्र्यावर साधा पॉलिएस्टर रंग असतो. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, फरक काही वर्षांनी दिसतो. म्हणून पत्रा घेताना रंगाची छटा निवडण्याआधी रंग कशाचा आहे ते विचारावं.

ऊन तापवतंही. भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊर्जा पडते. दहा बाय बारा फुटांचं छप्पर ११ चौरस मीटरचं. म्हणजे त्यावर एक किलोवॉटचे अकरा हीटर लावल्यासारखं आहे. गडद शिंगल, म्हणजे छपरावर ओळीने ठोकायच्या डांबरी पट्ट्या, त्यातले जवळपास दहा पिऊन टाकते. पांढरा रंगीत पत्रा सुमारे दोन तृतीयांश ऊन परत फेकतो आणि तीन-चार हीटरांवर भागवतो.

फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटर या संस्थेने २००० सालच्या उन्हाळ्यात फोर्ट मायर्स इथे एक सुंदर प्रयोग केला. एकाच आराखड्याची, शेजारशेजारची घरं घेतली आणि त्यांच्यावर वेगवेगळी छपरं घातली: गडद शिंगल, पांढरी शिंगल, लाल कौलं, पांढरी कौलं, पांढरा पत्रा. घरं गार ठेवायला किती वीज लागते ते मोजलं. पांढऱ्या पत्र्याच्या आणि पांढऱ्या कौलांच्या घरांना गडद शिंगलच्या घरापेक्षा साधारण एक पंचमांश वीज कमी लागली. पांढऱ्या शिंगलने मात्र फारसा फरक पडला नाही, कारण तिच्यावरच्या खडबडीत कणांच्या खाचाखोचांत ऊन अडकून राहतं.

इथे डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट आहे. चमकणारा, न रंगवलेला पत्रा पाहून वाटतं की हाच सर्वांत गार राहील. तो ऊन परत फेकतो हे खरं, पण जे थोडं शोषतो ते सोडायला तयार नसतो. उघडी धातू उष्णतेचे किरण फार कमी बाहेर टाकते. रंगाचा थर ते सहज टाकतो. म्हणून तेवढंच ऊन परत फेकणारा पांढरा पत्रा चकचकीत पत्र्यापेक्षा गार राहतो. उष्णता आत घेणं आणि बाहेर टाकणं हे पदार्थाचे दोन निरनिराळे गुण आहेत, आणि छपराला दोन्ही लागतात.

कोरड्या रात्रीची गळती

पाऊस नाही, पत्र्याला भोक नाही, तरी सकाळी शेडमधलं सामान ओलं. फ्लोरिडात हे नेहमी घडतं आणि त्याचं कारण थेट आकाशात आहे.

स्वच्छ रात्री छप्पर आपली उष्णता किरणांच्या रूपाने वर टाकत राहतं. वरून परत येणारी उष्णता कमी असते, त्यामुळे पातळ पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. दमट हवेला थोडासा गारवा पुरतो. शेडमधली वाफ पत्र्याच्या आतल्या अंगाला दव होऊन बसते आणि थेंबाथेंबाने खाली पडते. दिवसा ज्या गुणाने छप्पर गार राहतं, तोच गुण रात्री शेडमध्ये पाऊस पाडतो.

उपाय सोपे आहेत. आढ्याशी आणि वळचणीखाली हवेला वाट ठेवावी, म्हणजे वाफ साठत नाही. पत्र्याखाली फळ्या आणि त्यावर पाणीरोधक कापड घालावं. आतून बारीक लव असलेले पत्रेही मिळतात. ती लव रात्रीचं दव धरून ठेवते आणि दिवसा हवेत सोडून देते.

जस्ताचं देणं

पन्हळी पत्रा हा शोध १८२९चा. लंडनच्या गोदीतला अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने त्याचं पेटंट घेतलं. दोन वाशांमध्ये सपाट पातळ पत्रा आपल्याच वजनाने लवतो. त्याला पन्हळी पाडल्या की तोच पत्रा माणूस पेलतो. धातू तेवढीच, घडी वेगळी. पण लोखंड गंजत होतं. १८३७मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडाला जस्ताचा लेप देण्याचं पेटंट घेतलं, आणि या दोन कल्पनांच्या जोडीने जगभरची छपरं बदलली. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट बेटावर १८८६मध्ये मोठी आग लागली, त्यानंतर तिथे न जळणाऱ्या पत्र्याच्या छपरांचा प्रसार झाला. मुख्य भूमीवरून नळाचं पाणी १९४२मध्ये पोहोचेपर्यंत बेटावरची माणसं छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून पीत होती.

जस्त लोखंडाला नुसतं झाकत नाही. पत्र्यावर ओरखडा पडला आणि लोखंड उघडं झालं, तरी शेजारचं जस्त आपले विजाणू देतं, स्वतः झिजतं आणि लोखंडाला गंजू देत नाही. चांगल्या जस्ती पत्र्यावर हा थर एकेका बाजूला साधारण २० मायक्रॉन असतो. इतक्या पातळ थरात वर्षानुवर्षं स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवण्याची ही व्यवस्था आहे. ती कशी चालते हे समजलं की जुनाट जस्ती पत्र्याकडेही आदराने पाहावंसं वाटतं.

१९७२मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीने या लेपाची पुढची पायरी बाजारात आणली: गॅल्व्हल्यूम. वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. लेप थिजताना ॲल्युमिनियमच्या फांद्यांची एक जाळी बनते आणि तिच्या फटींत जस्त भरून राहतं. ॲल्युमिनियम भिंतीसारखं आड उभं राहतं, जस्त ओरखड्यांची काळजी घेतं. साध्या जस्ती पत्र्यापेक्षा हा पत्रा बहुतेक ठिकाणी कितीतरी जास्त टिकतो.

या लेपाची काही पथ्यं आहेत. समुद्राच्या अगदी कडेला खाऱ्या तुषारांपुढे तो लवकर हरतो. तिथे सबंध ॲल्युमिनियमचा रंगीत पत्रा घ्यावा. तांब्याला स्पर्श झालेलं पाणी त्याच्यावर पडू देऊ नये, ते लेप खातं. वाळवी लागू नये म्हणून शेडच्या लाकडात जे औषध भरलेलं असतं त्यात बहुधा तांबंच असतं, म्हणून लाकूड आणि पत्रा यांच्यामध्ये कापडाचा थर हवा. पत्रा ग्राइंडरने कापू नये. उडालेल्या तापलेल्या ठिणग्या लेपात रुततात आणि प्रत्येक ठिणगी गंजाचा ठिपका होते. कात्रीने कापावा.

वारा वर ओढतो

२४ ऑगस्ट १९९२च्या पहाटे अँड्र्यू चक्रीवादळ याच होमस्टेडवरून गेलं. हजारो घरं नष्ट झाली. नंतर तपास करणाऱ्यांनी ढिगारे उलगडून पाहिले, तेव्हा छपरांच्या कहाण्या समोर आल्या: शिंगल खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेल्या, खालच्या फळ्यांचे खिळे कैचीच्या लाकडाला चुकवून बाजूला गेलेले. साहित्य होतं, धरणारं नीट नव्हतं. त्यातूनच दक्षिण फ्लोरिडाचे बांधकाम नियम कडक झाले आणि १ मार्च २००२पासून साऱ्या राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड हे परगणे तिच्यात अतिवेगवान वाऱ्याचा खास विभाग म्हणून धरले आहेत. मायामी-डेडमध्ये घरांसाठी धरलेला वाऱ्याचा वेग ताशी १७५ मैल आहे, म्हणजे सुमारे २८० किलोमीटर.

वारा छपराला खाली दाबत असेल असं वाटतं. बहुतेक छपरांवर घडतं उलटं. वारा कडेवरून उसळून वर जातो, छपरावरचा दाब घटतो आणि छप्पर वर ओढलं जातं. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारे ताशी १०० ते १२० किलोमीटरचे होते, आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कौलं आणि पत्रे कसे उडाले ते आपल्याला आठवतं. ताशी १२० आणि ताशी २८० यांत वेगाचा फरक अडीचपटीहून कमी आहे, पण जोराचा फरक जवळपास साडेपाचपट.

ताशी २८० किलोमीटरच्या वाऱ्याचा मूळ दाब दर चौरस मीटरला सुमारे ३८० किलो वजनाएवढा असतो. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत पाच-सहा किलो. आपल्या छोट्या शेडच्या सबंध छपरावर हिशेब केला तर ओढ अंदाजे चार टनांच्या घरात जाते. कोपऱ्यांत ती त्याहूनही तीव्र. वारा कोपऱ्यावर तिरका आला की दोन्ही कडांवर शंकूच्या आकाराचे भोवरे उठतात, आणि भोवऱ्याच्या पोटात दाब फार खाली जातो. काँकॉर्ड विमानाचे त्रिकोणी पंख अशाच भोवऱ्यांवर तरंगत असत. जे विमानाला हवं असतं तेच छपराला नको असतं. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात १२ प्रचंड पंख्यांची ‘वॉल ऑफ विंड’ आहे. ती ताशी १५७ मैलांचा वारा निर्माण करते, आणि छपरांच्या कडा कशा सुटतात याचा अभ्यास तिथे होतो.

यातून शेडसाठी निघणारे धडे अगदी थेट आहेत. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात बरं. कोकणात तिरप्या पावसासाठी वळचण लांब ठेवतात. वादळाच्या या प्रदेशात ती आखूड ठेवावी, कारण लांब वळचणीखाली वारा शिरून छप्पर उचलतो. कडा आणि कोपरे इथे स्क्रू जास्त दाट हवेत. स्क्रूखालचा रबरी वायसर चांगल्या प्रतीचा हवा, कारण ऊन त्यालाही सोडत नाही. पत्रा उन्हाने वाढतो हेही धरावं: १२ फुटांचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने पावणेदोन मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा साडेतीन, आणि उजेडासाठी घातलेला पॉलिकार्बोनेटचा नऊ-दहा. पॉलिकार्बोनेटची भोकं म्हणूनच मोठी पाडतात.

आणि छप्पर घट्ट बसलं की वारा सबंध शेड उचलू पाहतो. वाशापासून खांबाला, खांबापासून तळाला आणि तळापासून जमिनीतल्या अँकरला धातूच्या पट्ट्यांची साखळी सलग हवी. मायामीत मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडीचा खडक. मऊ मातीचा अँकर तिथे चालत नाही. फ्लोरिडाच्या कायद्याने ७२० चौरस फुटांपर्यंतच्या सामानाच्या शेडना उडत्या वस्तूंच्या माऱ्याच्या कसोटीतून सूट दिली आहे. वाऱ्याच्या नियमांतून ही सूट नाही. कामाआधी आपल्या गावच्या बांधकाम खात्यात विचारून घ्यावं.

कौलं, शिंगल आणि पानं

दक्षिण फ्लोरिडाचं रूप आपल्या मनात लाल कौलांचं असतं. १९२०च्या आसपास वास्तुकार ॲडिसन मिझनरने पाम बीचच्या घरांसाठी कौलांची स्वतःची भट्टीच काढली होती. मंगळुरात बासल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना घातला, तिथपासून कोकण जे जाणतं तेच इथेही खरं: कौलांच्या फटींतून हवा फिरते, त्याने उष्णता आणि वाऱ्याची ओढ दोन्ही थोडी सैलावतात. पण काँक्रीटचं कौल दर चौरस मीटरला ४५-५० किलो भरतं. घराला ते शोभतं. शेडच्या बारीक वाशांवर हा भार टाकू नये.

शिंगल स्वस्त, हाताळायला सोपी, घराच्या छपराशी मिळतीजुळती. दमट हवेत तिच्यावर काळे ओघळ उमटतात. ती धूळ नाही. ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचे सूक्ष्मजीव तिथे उन्हावर जगत असतात, आणि तो काळा रंग म्हणजे अतिनील किरणांपासून स्वतःला वाचवायला त्यांनी अंगावर चढवलेलं आवरण आहे. आढ्याजवळ जस्ताची पट्टी लावली, तर पावसाबरोबर उतरणारा जस्ताचा अंश त्यांना आवरतो. शिंगल घ्यायचीच तर तांब्याचे कण मिसळलेली, फिक्या रंगाची घ्यावी, आणि खिळ्यांनीच ठोकावी.

या प्रदेशाची सर्वांत जुनी जाण मात्र सेमिनोल आणि मिकोसुकी लोकांच्या ‘चिकी’ या झोपडीत आहे. सायप्रसचे खांब, चारही बाजू उघड्या, वर पामच्या पानांचं चढ्या उताराचं जाड छप्पर. १९व्या शतकात अमेरिकी सैन्य पाठलागावर असताना झटपट उभं करता येईल असं घर म्हणून तिचा प्रसार झाला. पानांच्या थरांत अडकलेली हवा ऊन खाली येऊ देत नाही, चढा उतार पाणी झटकतो, उघड्या बाजूंतून वारा निघून जातो, आणि पानं गेली तर नवी घालता येतात. फ्लोरिडाच्या कायद्याने या दोन जमातींनी बांधलेल्या चिकीला, तिच्यात वीज किंवा नळ नसेल तर, बांधकाम संहितेतून मोकळीक दिली आहे. कोकणातल्या झापांच्या मांगराचं आणि तिचं शहाणपण एकाच उन्हापावसातून आलेलं आहे.

कुलूप लावून सामान ठेवायच्या शेडला चिकी पुरणार नाही. तिथे माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यापासून आत असाल तर फिक्या रंगाचा, पीव्हीडीएफ रंग दिलेला गॅल्व्हल्यूम पत्रा, आणि खाऱ्या वाऱ्यात असाल तर तसाच रंगवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली फळ्या, मध्ये कापड, वर हवेला वाट. पैसे मोजके असतील तर पत्र्याच्या जाडीपेक्षा आधी लेपावर, रंगावर आणि बांधणीवर खर्च करा. दुकानात गेल्यावर चार गोष्टी विचारा: लेप कशाचा, रंग कशाचा, कडेला स्क्रू किती अंतरावर, आणि जमिनीत धरणारं काय. या चारांची नीट उत्तरं मिळाली की छपराची निवड जवळजवळ झालेलीच असते.